होलबर्नमधलं अडकलेलं भाषण : गांधीजींचे लंडनमधले शेवटचे आठवडे



ऑक्टोबर जवळ आला की आपल्या शाळांमधून भाषणांचा हंगाम सुरू होतो. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग पोरबंदर येतं, २ ऑक्टोबर १८६९ येतो, आणि तिथंच कुठंतरी एखादं पोरगं अडकतं. मागून आई ओठ हलवून पुढचा शब्द सुचवते, बाई टाळ्या वाजवून सांभाळून घेतात. घरी जाताना ते मूल मनाशी काय ठरवतं ते आपल्याला कधी कळत नाही.

ज्यांच्यावर हे भाषण असतं, ते स्वतः वयाच्या एकविसाव्या वर्षी लंडनमध्ये असेच अडकले होते. तेही परीक्षेत नव्हे, स्वतःच आमंत्रण देऊन बोलावलेल्या मित्रांसमोर. आपल्या पाठ्यपुस्तकांत "इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले" एवढं एक वाक्य असतं आणि लगेच दक्षिण आफ्रिकेतली आगगाडी येते. मधले शेवटचे आठवडे कोणी शिकवत नाही. यंदा वर्गात तेच घ्या, असं सुचवण्यासाठी हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. मोहनदास सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून बोटीत बसले, तेव्हा वय वर्षं अठरा. मुंबईत जातीची सभा भरली होती, समुद्र ओलांडू नको म्हणून बजावलं होतं. ऐकलं नाही म्हणून जातीबाहेर काढलं. जो त्याला मदत करील किंवा निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. आईला तीन वचनं दिलेली : मांस नाही, दारू नाही, परस्त्री नाही. हे मुलांना माहीत असतं, तेव्हा फार वेळ घालवू नका.

लंडनला त्यांनी इनर टेम्पल या संस्थेत नाव घातलं. तिथं बॅरिस्टर व्हायचं तर दोन गोष्टी लागत : परीक्षा आणि बारा सत्रं. सत्र 'भरायचं' म्हणजे वर्गात बसायचं नव्हे, तर दर सत्रात ठरावीक वेळा तिथल्या जेवणाला हजर राहायचं! मुलांना हे सांगितलं की वर्ग हमखास हसतो. चार-चार जणांच्या टोळीला दारूच्या दोन बाटल्या मिळत. मोहनदास पीत नसत, म्हणून "तू आमच्यात बस" अशी त्यांना फार मागणी असे. शेवटची परीक्षा ते १८९१ च्या सुरुवातीलाच पास झाले होते, पण सत्रं पुरी व्हायला जून उजाडणार होता. म्हणजे अभ्यास संपलेला, घरी जाता येत नाही, आणि हातात काही महिने. परदेशात राहिलेल्या कुणालाही हा काळ विचारा. शहर आता कुठे ओळखीचं झालेलं असतं आणि सुटायची तारीख दिसू लागलेली असते.

या महिन्यांत त्यांच्या मनात आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. कायदा वाचला, पण वकिली कशी करतात ते कुठं शिकलो? साधा दावा कसा लिहायचा तेही माहीत नाही. हिंदू आणि मुसलमान कायदा तर शिकलेलाच नाही. मुंबईला फिरोजशहा मेहता कोर्टात सिंहासारखे गरजतात म्हणे. आपण तिथं काय करणार? दादाभाई नवरोजींच्या नावाचं ओळखपत्र खिशात होतं, तरी इतक्या मोठ्या माणसाला त्रास कसा द्यायचा म्हणून कितीतरी दिवस ते दिलंच नाही. शेवटी धीर करून दिलं, दादाभाईंनी "केव्हाही ये" म्हटलं, तरी हे काही सल्ला विचारायला गेले नाहीत. (वर्गातल्या मागच्या बाकावरच्या काही मुलांना हे वागणं फार ओळखीचं वाटेल.)

मग कुणीतरी फ्रेडरिक पिंकट या गृहस्थांकडे पाठवलं. ते ऐकून मनमोकळं हसले आणि म्हणाले की सगळ्यांनाच काही फिरोजशहा व्हावं लागत नाही, सचोटी आणि मेहनत असली की पोटापुरतं मिळतं. तुझं वाचन मात्र तोकडं आहे, इतिहास वाच, माणसाचा चेहरा वाचायला शीक. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याची दोन पुस्तकंही सुचवली. मोहनदासांनी ती मिळवली, एक तर कायद्याच्या पुस्तकाहून अवघड निघालं. शेक्सपिअरच्या चेहऱ्याची लक्षणं वाचली, पण लंडनच्या रस्त्यावर हिंडणारे शेक्सपिअर ओळखता येईनात, असं त्यांनी पुढे गमतीनं लिहून ठेवलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू.

लंडनमधली त्यांची खरी सोबत होती शाकाहारी मंडळींची. त्या वेळी ते बेजवॉटर भागात जोशिया ओल्डफिल्ड यांच्याबरोबर राहत होते. ओल्डफिल्ड 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकाचे संपादक. दोघांनी मिळून वस्तीत शाकाहाराचा एक छोटा क्लबही काढला : ओल्डफिल्ड अध्यक्ष, मोहनदास चिटणीस. लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीवरही त्यांची निवड झाली होती. प्रत्येक सभेला ते हजर असत, आणि प्रत्येक सभेत गप्प बसत. ओल्डफिल्ड एकदा म्हणाले, माझ्याशी एवढं नीट बोलतोस, मग समितीत तोंड का उघडत नाहीस? तू म्हणजे पोळ्यातली नरमाशी! म्हणजे बाकीच्या माश्या कामात आणि हा आपला नुसता बसलेला. मोहनदासांना ही चेष्टा पटली, पण बोलायचं कसं हा प्रश्न काही सुटला नाही.

फेब्रुवारी १८९१ मध्ये बोलण्याची खरी वेळ आली. डॉक्टर ॲलिन्सन हे सोसायटीचे सभासद संततिनियमनाचा उघड प्रचार करत. सोसायटीचे अध्यक्ष हिल्स एका मोठ्या लोखंडी कारखान्याचे मालक आणि नीतीच्या बाबतीत कडक. त्यांना हा माणूस सोसायटीत नको होता. मोहनदासांचं स्वतःचं मत हिल्स यांच्याच बाजूचं होतं. पण सोसायटी शाकाहारासाठी आहे, दुसऱ्या एखाद्या विषयावर मत वेगळं म्हणून माणसाला बाहेर काढणं बरोबर नाही, असं त्यांना वाटत होतं. इथं वर्गात थांबा. आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या बाजूनं उभं राहायचं, तेही एकविसाव्या वर्षी, परक्या देशात, अध्यक्षांच्या विरोधात! त्यांनी मुद्दे कागदावर लिहून नेले. वाचायला मात्र तोंड फुटेना. अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. ॲलिन्सन हरले.

व्हेंटनर नावाच्या समुद्रकाठच्या गावी असंच झालं. भाषण एका कागदात मावेल एवढंच होतं. उभे राहिले, डोळ्यांसमोर अंधारी आली, अंग थरथरलं. सोबत आलेल्या मजमुदारांनी ते वाचून दाखवलं. मजमुदार स्वतः छान बोलले, टाळ्या पडल्या. तेव्हा आपली लाज आणि वाईट वाटलं, असं गांधीजी सांगतात.

तरी मे महिन्यात त्यांनी पुन्हा एक काम अंगावर घेतलं. २ मे रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी भागातल्या सभेत 'हिंदुस्थानातलं अन्न' या विषयावर निबंध वाचला. गहू, बाजरी, डाळ, पोळी कशी लाटतात, असं सगळं त्यात आहे. गरीब माणूस भाकरी आणि मिठावर कसा दिवस काढतो आणि त्या मिठावरही कर कसा आहे, हेही त्यांनी त्याच वर्षी 'द व्हेजिटेरियन'मधल्या लेखात लिहिलं होतं. हो, मीठ! १९३० च्या दांडीयात्रेपूर्वी जवळजवळ चाळीस वर्षं. सातवी-आठवीच्या मुलांना हा धागा दाखवाच. आरंभी वक्ता जरा बावरला होता, असं त्या सभेच्या वृत्तांतात नोंदवलं आहे. पण या वेळी कागद दुसऱ्याच्या हातात गेला नाही. त्याच आठवड्यात पोर्ट्स्मथला शाकाहारी संस्थांच्या परिषदेत हाच निबंध त्यांनी पुन्हा वाचला.

आणि मग जून. निघायची तयारी झालेली. मित्रांना जेवण द्यावं असं मनात आलं. शाकाहारी खाणावळीत शाकाहारी जेवण कुणीही देईल, पण मांसाहारी हॉटेलात का मिळू नये? म्हणून ते होलबर्न रेस्टॉरंट या मोठ्या हॉटेलाच्या व्यवस्थापकाला भेटले आणि संपूर्ण शाकाहारी बेत ठरवून आले. मंडळी खूश झाली. वाद्यं होती, थाट होता आणि रिवाजाप्रमाणे भाषणं होती.

यजमानानं बोलायचं असतं. मोहनदासांनी चारच वाक्यं विचारपूर्वक ठरवली होती. सुरुवात ॲडिसन या लेखकाच्या किश्श्यानं करायची होती. ॲडिसन पार्लमेंटात पहिल्यांदा बोलायला उठला आणि "मला वाटतं, मला वाटतं, मला वाटतं" असं तीनदा म्हणून थांबला. त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ गर्भ राहणं. तेव्हा एकानं कोटी केली : गृहस्थांना तीनदा दिवस गेले, पण जन्माला काहीच आलं नाही! (लहान वर्गात कोटी गाळली तरी चालेल, किश्श्याचं सार पोचतं.) आपल्याच अडखळण्यावर हसायचं आणि सुटायचं, असा हा बेत होता. पण किस्सा सांगायला सुरुवात केली आणि स्वतःच ॲडिसन झाले. पुढचं काही आठवेना. आपण माझ्या आमंत्रणाला मान दिलात, आभारी आहे, एवढं कसंबसं म्हणून खाली बसले.

ही हकिकत गांधीजींनी स्वतः 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत सांगितली आहे. आत्मकथेचे भाग 'नवजीवन'मध्ये १९२५ पासून येऊ लागले, म्हणजे घटनेनंतर चौतीस वर्षांनी.

आता दुसरा कागद बघा. १३ जून १८९१ च्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये याच निरोपाच्या जेवणाची बातमी आहे. तिच्यात म्हटलं आहे की गांधी यांनी थोडंसं बावरलेलं, पण फार सुरेख भाषण केलं. पाहुण्यांचं स्वागत केलं, इंग्लंडात मांस सोडण्याची सवय वाढते आहे याबद्दल आनंद व्यक्त केला, सोसायटीशी आपला संबंध कसा आला ते सांगितलं आणि ओल्डफिल्ड यांच्या उपकारांबद्दल हृदयाला भिडेल असं बोलले. शाकाहारी संघाची एखादी परिषद हिंदुस्थानात भरावी अशी इच्छाही बोलून दाखवली.

मित्रांनो, आता सांगा, भाषण झालं की नाही?

इतिहास शिकवताना 'साधने' हा शब्द आपण फळ्यावर लिहितो, लिखित, मौखिक, भौतिक असे प्रकार सांगतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा हे दोन वृत्तांत दोन कागदांवर लिहून वर्गाला द्या. कोणता कुणाचा ते आधी सांगू नका. माझ्या वर्गात हे केलं तेव्हा लगेच दोन तट पडले. एक गट म्हणे, ज्याचं भाषण त्यालाच खरं ठाऊक. दुसरा म्हणे, चौतीस वर्षांनी कुणाला आठवतंय? बातमी आठवड्याच्या आत छापलेली. एका मुलीनं विचारलं, पण सर, ते साप्ताहिक तर मित्राचंच ना? मित्र वाईट कशाला छापेल? हा प्रश्न मुलांकडून यावा म्हणून वाट बघा, स्वतः सांगून टाकू नका. मी ठाम उत्तर देत नाही. माझं स्वतःचं मत एवढंच की बातमीत मुद्द्यांची जी यादी आहे ती हवेतून येणार नाही. काहीतरी बोलणं झालंच असणार. आणि किस्साही अडकला असणार, कारण अशी फजिती माणूस उगाच रचत नाही. बोलणाऱ्याच्या लक्षात अडकलेलं राहिलं, ऐकणाऱ्याच्या लक्षात बोललेलं.

पालकांसाठी यात एक वेगळं काम आहे. मूल स्पर्धेतून आलं आणि "माझं सगळं चुकलं" म्हणून रडू लागलं, तर "छे, छान झालं" म्हणून विषय संपवू नका. त्याला काय आठवतं ते लिहू द्या, आणि ऐकणाऱ्या एखाद्या मैत्रिणीलाही तिला काय आठवतं ते लिहायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

आणखी एक गोष्ट. याच दिवसांत 'द व्हेजिटेरियन'नं त्यांची मुलाखत घेतली, ती १३ आणि २० जूनच्या दोन अंकांत आली. इंग्लंडला यायचं का ठरवलं, जातीनं काय केलं, पैसा कसा उभा केला, सगळं त्यात तपशिलानं आणि मिस्किलपणे सांगितलेलं आहे. म्हणजे समोर एक माणूस असला की हाच मुलगा अस्खलित बोलतो. हॉटेलच्या व्यवस्थापकाला पटवतो, क्लबचं चिटणीसपद सांभाळतो, लेख लिहितो. नेमके चाळीस-पन्नास चेहरे समोर आले की गळा बंद. आपल्या प्रगतिपुस्तकात 'भाषण-संभाषण' असा एकच रकाना असतो. दोन हवेत, असं मला फार वाटतं.

शेवटचे तीन दिवस घाईचे. १० जूनला बॅरिस्टरची सनद, ११ ला अडीच शिलिंग भरून हायकोर्टात नाव दाखल, १२ ला बोट. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून गाडीनं गोदीत. हे प्रिय लंडन सोडताना खूप जड गेलं, असं त्यांनी नंतर त्याच साप्ताहिकात लिहिलं. कशाकशाची आठवण काढली बघा : शिक्षणसंस्था, चित्रांची दालनं, वस्तुसंग्रहालयं, नाटकगृहं, बागा आणि शाकाहारी खाणावळी. तीन वर्षांपूर्वी उपाशी पोटी गल्लोगल्ली शाकाहारी खाणावळ शोधत फिरलेला मुलगा हा.

बोटीचं नाव 'ओशियाना'. आता गंमत पुढे आहे. होलबर्नला फजिती होऊन काही दिवसच झाले होते. बोटीवर प्रवाशांच्या करमणुकीचे कार्यक्रम ठरत होते, तर हे स्वतः चिटणीसाकडे गेले आणि शाकाहारावर बोलायला पाव तास मागून घेतला! चिटणीस म्हणाला, विनोदी बोला. हे म्हणाले, मी बावरेन खरा, पण विनोदी काही मला जमायचं नाही. भाषण विचार करून लिहिलं, परत लिहिलं. आणि तो दुसरा कार्यक्रम झालाच नाही. पहिलाच कुणाला आवडला नव्हता. न झालेल्या त्या भाषणाची त्यांना फार चुटपुट लागली.

एडनला बोट बदलून 'आसाम'मध्ये बसले. पावसाळी समुद्र खवळलेला. सगळे आडवे, हे मात्र मांडीवर ताट धरून लापशी खात. ५ जुलैला मुंबई. बंदरावर थोरले बंधू घ्यायला आले होते. आई गेल्याची बातमी त्यांनी तिथं आल्यावर सांगितली. परक्या देशात एकट्याला धक्का नको म्हणून ती दडवून ठेवली होती. सनद दाखवायची ती आईला, वचनं पाळली हे सांगायचं तेही आईला. हा भाग वर्गात हळू वाचा आणि त्यावर प्रश्न विचारू नका.

मग नाशिक. जातीतल्या एका गटाचं समाधान व्हावं म्हणून भावानं त्यांना राजकोटला नेण्याआधी गोदावरीत स्नान घातलं. समुद्र ओलांडल्याचं हे प्रायश्चित्त. नाशिककडच्या शिक्षकांनी घाटावर सहल नेली तर तिथं हे सांगता येईल.

आणि ज्याची धास्ती लंडनमध्ये होती ते मुंबईत खरं झालं. स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला, ममीबाई नावाच्या बाईंचा, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली, दुसरा वकील घ्या म्हणाले. त्या वकिलानं एक्कावन्न रुपये घेतले. मग एका नामांकित शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली : रोज एक तास, पगार पंचाहत्तर रुपये. अर्ज केला. पदवी नाही म्हणून नाकारलं. आपल्या स्टाफरूममध्ये हे जरूर सांगा.

१८९३ मध्ये प्रिटोरियाला हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते बोलले, व्यापारात खरेपणा पाळावा या विषयावर. ते आपलं पहिलं सार्वजनिक भाषण म्हणता येईल असं ते स्वतः सांगतात. पण "तिथून भीती पळाली" असं मुलांना शिकवू नका, कारण तसं झालेलं नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल सांगायला त्यांची मुंबईत सभा झाली, अध्यक्ष तेच फिरोजशहा मेहता. फिरोजशहांनी भाषण आधीच लिहून घेतलं, रातोरात छापून घेतलं. सभागृह भरलेलं. गांधी थरथरत वाचू लागले, आवाज पोचेना. फिरोजशहा "मोठ्यानं, आणखी मोठ्यानं" म्हणत राहिले, तसतसा आवाज बसत गेला. जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला आले, त्यांनी कागद घेतला, त्यांचा आवाज चांगला होता. पण लोक "वाच्छा, वाच्छा" ओरडू लागले. मग दिनशा वाच्छा उठले आणि त्यांनी ते वाचलं. सभा शेवटपर्यंत शांत राहिली, जिथं टाळी हवी तिथं टाळी पडली, जिथं धिक्कार हवा तिथं धिक्कार झाला. फिरोजशहांना भाषण आवडलं, आणि खाली बसलेले गांधी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, अतिशय खूश होते.

तासाच्या शेवटी वर्गाला एकच प्रश्न द्या, उत्तर दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणायला सांगा : त्या संध्याकाळी मुंबईत भाषण कुणाचं झालं?